मे महिन्यातलं दहा दिवसांचं शिबिर: अमरावती-अकोल्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

वार्षिक परीक्षा संपली की मोहल्ल्यात, कॉलनीत एकच प्रश्न फिरतो: पोरांचं आता काय करायचं? मग कुणीतरी म्हणतं, आपणच एक छंदवर्ग घेऊ. पहिल्या बैठकीत चित्रकला, नृत्य, योगासनं, कराटे, संस्कृत श्लोक, बुद्धिबळ आणि स्वयंपाक अशी यादी तयार होते आणि बहुतेक शिबिरं तिथेच फसतात. दहा दिवसांत सात विषय म्हणजे प्रत्येकाला जेमतेम दोन-तीन तास. मूल घरी जाताना हातात काहीच घेऊन जात नाही. दहा दिवसांत एकच गोष्ट शिकवा, पण अशी की अकराव्या दिवशी मुलाला ती कुणाच्याही मदतीशिवाय करता आली पाहिजे. बाकी वेळ खेळ, पाणी आणि गोष्टी. पुढचं सगळं या हिशेबानं लिहिलं आहे.

तारीख आधी, बाकी नंतर

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टी भरपूर लांब वाटते. पण शिबिरासाठी उपयोगाचे दिवस थोडेच. १ मेला निकाल लागतो, महिन्याच्या मध्यावर घरं मामाच्या गावाला निघतात आणि २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. म्हणून ३ ते १२ मे हा पट्टा सर्वांत सोयीचा. तारीख पक्की करण्याआधी पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर काढून लग्नाच्या तिथी बघा. मे महिना लग्नसराईचा. तिथीच्या दिवशी निम्मी मुलं येत नाहीत, आणि जागा मंगल कार्यालयाची किंवा मंदिराच्या सभामंडपाची असेल तर ती ऐन वेळी हातची जाते. 'लग्न नसेल तर घ्या' असं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. दहाही दिवसांचं लेखी घ्या.

वेळ सकाळी साडेसहा ते सव्वानऊ. सहाच्या आत उजाडतं, त्यामुळे साडेसहा लवकर नाही. संध्याकाळची वेळ ऐकायला बरी वाटते, पण दिवसभर तापलेलं मैदान आणि भिंती सात-साडेसातपर्यंत धग सोडत असतात, आणि अवकाळी वादळ येतं तेही बहुधा दुपारनंतर. सव्वानऊची वेळ मात्र काटेकोर पाळा. 'आजच्या दिवस दहापर्यंत' म्हटलं की दहाच्या उन्हात मुलं सायकलवर घरी जातात.

जागा नऊ वाजता बघा

जागा दाखवणारा माणूस ती संध्याकाळी दाखवतो. तुम्ही एप्रिलच्या अखेरीस सकाळी नऊला जा आणि अर्धा तास तिथे बसा. पत्र्याचं छप्पर असेल तर साडेआठनंतर त्याखाली बसवत नाही, कितीही पंखे असोत. स्लॅबचं छत, त्यावर आणखी एक मजला आणि पूर्वेला कमी खिडक्या अशी खोली उत्तम. शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग, वाचनालयाचं सभागृह, मंदिराचा दगडी मंडप हे सगळं चालतं. शाळा मिळत असेल तर मुख्याध्यापक आणि संस्था दोघांचीही परवानगी घ्या, आणि सुट्टीत शिपाईदादा गावी जातात हे लक्षात ठेवून किल्ली दहा दिवस कुणाकडे राहील ते ठरवा. मनपाच्या बागेत किंवा मैदानात घ्यायचं असेल तर अर्ज तीन आठवडे आधी द्या आणि पोच घेतलेली प्रत रोज जवळ ठेवा.

नळ उघडून पाहा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नऊपर्यंत कोमट होतं, आणि पाणी दिवसाआड येत असेल तर शौचालयासाठी दोन ड्रम भरून ठेवावे लागतात. मुलींसाठी वेगळं, आतून कडी लागणारं शौचालय नसेल तर ती जागा घेऊ नका.

आता कूलर. विदर्भातल्या कुणालाही कूलर शिकवायची गरज नाही, पण शिबिरात त्याच्याभोवती तीस मुलं असतात. कूलर खिडकीला बाहेरून लावलेला आणि समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी असावी. कूलर आत ठेवून खोली बंद केली तर तासाभरात दमट होते आणि मुलं चिडचिडी होतात. लोखंडी बॉडीच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात उन्हाळ्यात जीव जातात. तीन पिनची प्लग, चालू अर्थिंग आणि ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढायची. पाणी भरण्याचं काम एकाच मोठ्या माणसाकडे द्या आणि कूलरपासून दोन हातांवर खडूची रेघ ओढा. रेघेच्या आत मूल नाही.

किती मुलं, किती माणसं

पहिल्या वर्षी तीस. वय आठ ते तेरा. सहा वर्षांचं भावंड 'बसेल कोपऱ्यात' म्हणून घेतलं की एक मोठा माणूस दहाही दिवस त्याच्यामागे. दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस आणि एक जण फक्त दारावर, म्हणजे पाच जण. कॉलेजच्या मुलांवर विसंबू नका, त्यांच्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा याच दिवसांत असतात. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये देऊन मोकळी झालेली मुलंमुली मात्र घरात कंटाळलेली असतात. त्यांच्यासारखे ताई-दादा शोधून सापडणार नाहीत. दोन निवृत्त शिक्षक आणि तीन ताई-दादा हे जमलेलं पथक.

नावनोंदणीच्या कागदावर एवढंच हवं: मुलाचं नाव, वय, पालकांचे दोन फोन नंबर, कुठली ॲलर्जी किंवा आजार, आणि न्यायला कोण येणार. आधार क्रमांक मागू नका, त्याचा काही उपयोग नाही आणि तो सांभाळण्याची जबाबदारी उगाच अंगावर येते. फी थोडी का होईना, घ्या. फुकट शिबिरात नावं भराभर येतात आणि तिसऱ्या दिवशी खोली रिकामी दिसते. ज्यांना परवडत नाही त्यांना गाजावाजा न करता सूट द्या.

एक नियम अपवादाशिवाय: कुठल्याही खोलीत एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल असं कधी नसावं. पथक ओळखीचं असलं तरीही. चाइल्डलाइनचा १०९८ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

प्रसिद्धीसाठी पेपरवाल्याकडून पत्रकं टाकण्यापेक्षा दूध डेअरी, किराणा दुकान आणि शिकवणीवर्गाच्या दारात एकेक कागद लावला तर जास्त पालक दिसतात. तो शेवटच्या पेपरच्या आठवडाभर आधी लावा. परीक्षा संपली की लोक तिकिटं काढून मोकळे होतात.

पाणी आणि खाणं

तीस मुलांना पावणेतीन तासांत तीस लिटर पिण्याचं पाणी लागतं. वीस लिटरचे दोन जार किंवा दोन मोठे माठ, आदल्या रात्री भरलेले. प्रत्येकाची बाटली नावानिशी असली तरी ती आठ वाजता रिकामी होते. 'तहान लागली की प्या' असं सांगून भागत नाही, खेळात मुलांना तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाला घंटा वाजवा आणि सगळ्यांनी एकदम प्यायचं.

ओआरएसची दहा पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटरला. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असा हिशेब करू नका, पावडर कधीच नीट अर्धी होत नाही. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल गरगरतंय, मळमळतंय म्हणालं तर लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान आणि काखेत ओलं फडकं ठेवा, वारा घाला. मूल असंबद्ध बोलत असेल, अंग भाजत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. १०८ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा चालू ठेवायचा.

पन्हं दोन-तीन दिवस द्या, मुलं त्यासाठी वेळेवर येतात. तीस पेल्यांसाठी: एक किलो कैऱ्या उकडून गर, सव्वा किलो चिरलेला गूळ, दोन चहाचे चमचे मीठ, चमचाभर वेलची पूड आणि उकळून गार केलेलं पाच लिटर पाणी. गर आणि गूळ आदल्या रात्री एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी सकाळी घाला. गाडीवरचा बर्फ घालू नका.

खाऊ म्हणजे केळं, अडीच डझन, किंवा मुरमुऱ्याचा चिवडा. उसळ घरून सहाला निघते आणि साडेआठला आंबलेली असते. कापून आणलेलं टरबूजही नको. आणायचंच असेल तर तिथेच, धुतलेल्या सुरीनं, वाटायच्या क्षणी कापा.

दिवसाची आखणी

साडेसहा ते सव्वासात मैदानी खेळ: लगोरी, लंगडी, खो-खो, आट्यापाट्या. रेघा फक्कीनं आदल्या संध्याकाळी आखून ठेवा, सकाळी आखायला घेतल्या तर वीस मिनिटं तिथेच जातात. विटी-दांडू मोकळ्या मैदानात आणि दहाच मुलांनी, बाकीचे दांडूच्या मागच्या बाजूला. विटी डोळ्याला लागते. सव्वासातला पाणी आणि सावली. साडेसात ते साडेआठ हातकाम. मग खाऊ. पावणेनऊला कुणीतरी मोठ्यानं गोष्ट वाचायची, मुलं आडवी झाली तरी चालतील. सव्वानऊला दारावरचा माणूस यादीवर खूण करून एकेकाला सोडणार.

अमरावतीत मल्लखांबाचा विचार डोक्यात येणारच. १९१४ साली इथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ साली बर्लिनमध्ये मल्लखांब दाखवला, त्या गावात दुसरं काय सुचणार! पण मल्लखांब कॉलनीच्या शिबिरात करायचा खेळ नाही. एरंडेल लावलेला खांब, खाली गाद्या आणि शेजारी उभा राहणारा तयार वस्ताद या तिन्हींशिवाय मुलाला वर चढवू नका. एक दिवस मुलांना व्यायामशाळेत नेऊन सराव दाखवा आणि ज्याला आवडेल त्याला तिथे वर्षभरासाठी घाला. पोहण्याचंही तेच.

हातकाम: स्वतः शिवलेली वही

एकच गोष्ट म्हणजे कुठली, तर आमचं मत वही शिवण्याला. सामान जवळजवळ फुकट, नवव्या वर्षाच्या मुलाला जमतं, आणि शाळा उघडेपर्यंत ती वही वापरातही येते.

दरवर्षी शाळेच्या वह्यांत मागची पानं कोरी राहतात. पहिल्या दिवशी मुलं त्या वह्या घेऊन येतात आणि पिना काढून कोरी जोडपानं मिळवायला बघतात. इथे पहिली चूक होते. वही अर्ध्याच्या पुढे भरलेली असेल तर एकही जोडपान पूर्ण कोरं निघत नाही, कारण मागच्या प्रत्येक कोऱ्या पानाचा जोडीदार पुढच्या बाजूला लिहिलेला असतो. म्हणून जोडपानाच्या मागे लागू नका. कोरं पान एकेक करून कापा, मुडपीच्या बाजूनं अर्धा सेंटिमीटर सोडून. मग ते पान वरून खाली, आडव्या रेघांना समांतर दुमडा. तयार होणारी वही वार्ताहराच्या वहीसारखी वर उघडते, शिवण माथ्यावर येते आणि रेघा आडव्याच राहतात. पान बाजूनं दुमडलं तर चिंचोळी, उंच वही होते आणि एका ओळीत तीनच शब्द मावतात.

अशी आठ पानं एकात एक घातली की एक जुज झाली. तिची बत्तीस पृष्ठं होतात. एका मुलाला दहा दिवसांत पाच जुजी लागतात, म्हणजे चाळीस पानं. निम्मी मुलं पुरेशी पानं आणणार नाहीत. तीनशे पानं जादा धरा, रद्दीवाल्याकडे अर्ध्या वापरलेल्या वह्या वजनावर मिळतात.

बाकी सामान: जाड नाक्याच्या चाळीस सुया, गोधडी शिवायचा दोरा, दोन दाभणं, तीस मोठे क्लिप, पट्ट्या, पेन्सिली, जुन्या रबरी चपला दहा आणि कव्हरसाठी जुन्या कॅलेंडरांची जाड पानं. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा पहिल्या वहीला चालतो, पण तो दुमडला की चिरतो.

शिवण तीन भोकांची. नेहमीच्या लांब वहीचं पान साधारण १७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे शिवणीची लांबी तेवढीच. एक भोक बरोबर मध्यावर आणि दोन्ही टोकांपासून दोन-दोन सेंटिमीटरवर एकेक. कव्हरमध्ये जुज घालून दोन्ही बाजूंनी क्लिप लावा, उघडी वही रबरी चपलेवर उपडी न ठेवता उताणी ठेवा आणि भोक आतून, घडीच्या रेषेवर पाडा. दाभण मोठ्या माणसाच्याच हातात. भोक घडीच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी वही उघडताना तिथून फाटते. म्हणून आधी पेन्सिलनं खूण.

दोरा शिवणीच्या अडीचपट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. मुलं याहून बराच लांब दोरा घेतात आणि त्याच्या गाठी सोडवण्यात तास जातो. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा आणि दोऱ्याचं बोटभर टोक आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूनं मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आत, आणि मध्ये एक लांब टाका आडवा पडलेला. एक टोक त्या टाक्याच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला घेऊन टाक्यावर दोन गाठी. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ टाक्याला धरत नाही आणि शिवण आठवड्यात ढिली पडते. दोरा ओढताना शिवणीच्या दिशेनं, म्हणजे वहीच्या माथ्याला समांतर ओढा. अंगाकडे सरळ ओढला की भोक लांबतं. मुलं ही चूक पहिल्या वहीत करतातच. करू द्या, आणि फाटलेलं भोक सगळ्यांना दाखवा.

पहिले दोन दिवस पानं कापणं, दुमडणं आणि घडीवरून पट्टीची कड फिरवून ती धारदार करणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली वही, पाचव्या दिवशी दुसरी, ती मदतीशिवाय. सहाव्या दिवशी खळ करून कव्हरवर कागद चिकटवणं: एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल एवढं घालून मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. थेट गरम पाण्यात टाकला की गुठळ्या. मेच्या उन्हात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विष आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात नको. सातव्या ते नवव्या दिवशी तीन जुजींची एक वही. कव्हरच्या पाठीवर तीन-तीन मिलिमीटरच्या अंतरानं तीन रेघा आखा आणि प्रत्येक रेघेवर एक जुज, तीच शिवण. दहाव्या दिवशी सतरंजीवर सगळ्या वह्या मांडायच्या आणि पालकांना बोलवायचं. पालकांच्या हाती वही मुलानं द्यायची आणि ती कशी शिवली ते त्यानंच सांगायचं. भाषणं ठेवू नका, पाहुणे उशिरा येतात आणि ऊन चढतं.

रोज निघताना सुया मोजा. एका जाड फडक्यावर चाळीस खुणा करून त्यात खोचल्या तर एक कमी आहे हे लगेच दिसतं. मुलं अनवाणी बसलेली असतात.

एक रात्र आणि एक दुपार

दहा दिवसांत एका रात्री साडेआठ ते साडेनऊ गच्चीवर तारे दाखवा, या वेळी पालकही बरोबर. कॅलेंडरमध्ये बघून वद्य पक्षातला, चंद्र उशिरा उगवणारा दिवस निवडा. उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की केशरी स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. एवढं तीस मुलांना स्वतः शोधता आलं की पुरे. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा आणि गच्चीला छातीइतका कठडा नसेल तर मैदानात घ्या.

दुपार शिबिर संपल्यानंतरची. अमरावतीत २५ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. अकोल्यात साधारण एक दिवस आधी, नागपुरात एक दिवस नंतर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. नवतप्याच्या पहिल्याच दुपारी मुलांना उन्हात उभं करायचं म्हणजे वेळ काटेकोर हवी. पावणेबाराला सगळ्यांना सावलीत बसवा. एक-दोन मोठ्यांनी बाहेर सपाट फरशीवर कोरा कागद पसरून त्यावर ३० सेंटिमीटर उंचीचं सरळ नळकांडं उभं करून ठेवावं. फरशी सपाट आहे का, ते बशीत पाणी घेऊन बघा. नळकांडं कलतं असेल तर सावली जात नाही आणि मुलं निराश होतात. १२ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास क्षण येतो. १२ वाजून १४ मिनिटांनी टोप्या आणि चपला घालून बाहेर, पाच मिनिटांत परत आत, आणि लगेच पन्हं. दिवस एखादा मागेपुढे झाला तर या उंचीच्या नळकांड्याची सावली मिलिमीटरभरच उरते, त्यामुळे २५ला ढग आले तर २६लाही बोलवता येतं. येताना प्रत्येकानं शिबिरात शिवलेली वही आणायची. पावणेबारापासून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक कुठे आहे त्याची खूण बाहेरचा मोठा माणूस करत राहील, आणि आत बसलेल्या मुलांना सावलीच्या लांबीचा आकडा ओरडून सांगेल. तो आकडा त्या वहीत लिहायचा.